जाड ऑईलचा संप्रदाय

दोन वस्तू दाट असल्याशिवाय आपल्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. एक बासुंदी आणि दुसरं इंजिनातलं ऑईल. बासुंदीच्या बाबतीत माझा समाजाला जाहीर पाठिंबा आहे. माझं भांडण फक्त ऑईलपुरतं आहे.

माझ्या भाच्याने यंदा टर्बो पेट्रोल गाडी घेतली. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० ऑईल घाला असं छापलेलं आहे. गॅरेजवाल्याने ते दोन बोटांत चोळलं आणि चेहरा पाडून म्हणाला, "साहेब, हे तर पाणी! आपल्या उन्हात वीस-पन्नास टाका, इंजिन दगडासारखं राहील." शेजारचे अण्णा मदतीला धावले, "अरे, माझी पद्मिनी जन्मभर जाड ऑईलवरच चालली!" चालली असेल हो. पण पद्मिनीला टर्बो नव्हता, आणि अण्णांना घाई नव्हती.

आता हिशेब मांडू. डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंडीत लवकर धावतं. "मग आपल्याकडे थंडी आहे कुठे?" हा संप्रदायाचा हुकमी सवाल. अहो, थंडी आपली नाही, इंजिनाची! चालत्या इंजिनात ऑईल शंभर अंशांच्या आसपास असतं, मग गाडी नागपुरात असो की स्वीडनमध्ये. त्या हिशेबाने नागपूरच्या मे महिन्यातली दुपारसुद्धा इंजिनाची पहाटच. चाळीस अंशांना हेच ५डब्ल्यू-३० शंभर अंशांपेक्षा पाच-सहा पट दाट असतं. म्हणजे ज्याला आपण 'पाणी' म्हणतो, ते गाडी सुरू होताना मुळीच पाणी नसतं.

दुसरा आकडा शंभर अंशांवरचा. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स. ५० म्हणजे १६.३ च्या पुढे. हा फरक बोटांना कळतो म्हणणाऱ्याने आधी ते बोट शंभर अंशांच्या ऑईलमध्ये घालून दाखवावं.

आता टर्बो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या वायूला कामाला जुंपण्याची ही युक्ती कुठल्याही कारकुनाला पटावी. पण हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि बहुतेक गाड्यांत त्याचा दांडा केसाहून पातळ अशा ऑईलच्या पडद्यावर तरंगतो. सकाळी ऑईल तिथं रमतगमत पोचलं, तर तो दांडा कोरडा घासतो. नवा टर्बो बसवायचा म्हणजे माझ्या पगारातला आकडा नव्हे, कर्जखात्यातला!

बरं, नुसत्या दाटपणावर भागत नाही. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर दिला की पेट्रोल कधीकधी ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. ऑईलमधल्या कॅल्शियमच्या रसायनांचा याच्याशी संबंध आढळला आणि २०२० साली आलेल्या एपीआय एसपी या दर्जात त्याची चाचणी घातली गेली. हे बोटांत चोळून कसं कळणार?

याच्या उलट दुसरा एक पंथ आहे, सर्वांत महाग डबा घेणाऱ्यांचा. डब्यावर शर्यतीच्या गाडीचं चित्र असलं की यांना ब्रह्म भेटतं. पण फोक्सवॅगनच्याच ५०८ ०० दर्जाचं पातळ ऑईल त्याच कंपनीच्या जुन्या, ५०२ ०० मागणाऱ्या इंजिनात ओतायला मनाई आहे. घराणं एक, खाती वेगळी!

पुस्तकातच कडक उन्हासाठी किंवा दामटून चालवण्यासाठी ४० चा पर्याय दिला असेल, तर खुशाल घ्या. माझं वैर जाडपणाशी नाही, अंदाजपंचे कारभाराशी आहे. लाखो रुपये मोजून माणूस गाडी घेतो, ती बनवणाऱ्याने लिहिलेलं अर्धं पान वाचत नाही, आणि कोपऱ्यावरच्या दोन बोटांवर भरवसा ठेवतो!

आमच्याकडे 'माणूस सज्जन दिसतो' म्हणून चेक पास होत नाही, सही नमुन्याशी ताडावी लागते. तसंच डब्यामागची बारीक अक्षरं पुस्तकाशी ताडा. ग्रेड आणि दर्जा दोन्ही जुळले तर ओता. नाहीतर डबा सरळ परत करा आणि शेरा मारा : सही जुळत नाही.