शिबिराचे हमीपत्र आणि मुलाचा हक्क

उन्हाळी सुट्टीतील शिबिराच्या अर्जाखाली 'काही दुर्घटना घडल्यास सर्वस्वी जबाबदारी पालकांची राहील, आयोजक जबाबदार राहणार नाहीत' अशा आशयाचे जे वाक्य छापलेले असते आणि ज्याखाली आई-वडील फारसे न वाचता सही करतात, त्याला हमीपत्र किंवा संमतीपत्र म्हणतात. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपुरात ते बहुधा हिंदीत असते. असीरगडाची चढण असो, कुंडी भंडाऱ्याची सहल असो, पोहण्याचा वर्ग असो किंवा राज्याची सीमा ओलांडून चिखलदऱ्याला केलेला मुक्काम असो, हे वाक्य सहसा बदलत नाही. या सहीने मुलाचा नुकसानभरपाईचा हक्क खरोखर संपतो, असे आयोजक आणि पालक दोघेही धरून चालतात. भारतीय कायद्याची एकूण दिशा मात्र या समजुतीच्या विरुद्ध आहे.

अठरा वर्षांखालील व्यक्तीला कायदा 'अज्ञान' म्हणतो, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे कधी अस्तित्वात न आल्यासारखा असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ठरवले. त्यामुळे मुलाच्या स्वतःच्या सहीला किंमत नाही. उरते पालकाची सही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याचे आठवे कलम नैसर्गिक पालकाला मुलाच्या हिताची कृत्ये करण्याची मुभा देते, पण मुलाला वैयक्तिक बंधनात अडकवण्याचा अधिकार कोणत्याही परिस्थितीत देत नाही. हे कलम हिंदू कुटुंबांपुरते आहे आणि बुऱ्हाणपुरासारख्या मोठी मुस्लिम वस्ती असलेल्या शहरात तेवढ्यावर विसंबता येणार नाही, हे खरे; तथापि दिवाणी प्रक्रिया संहितेचा बत्तिसावा आदेश धर्म पाहत नाही. त्याच्या सातव्या नियमानुसार मुलाच्या वतीने चाललेल्या दाव्यात न्यायालयाच्या परवानगीवाचून केलेली तडजोड मुलावर बंधनकारक ठरत नाही. अपघात घडून गेल्यावर, दावा उभा असतानाही वडिलांना जो हक्क एकट्याने सोडता येत नाही, तो अपघात घडण्यापूर्वीच एका छापील ओळीने सोडता येतो असे मानणे तर्काला धरून नाही.

दुसरा आधार करार कायद्याच्या तेविसाव्या कलमाचा आहे. ज्या कराराचा हेतू सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणजे समाजाच्या व्यापक हिताला बाधक असतो, तो या कलमाने निरर्थक ठरतो. मद्रास उच्च न्यायालयाने हरवलेल्या साडीवरून झालेल्या लिली व्हाइट खटल्यात धुलाई केंद्राच्या पावतीमागील अट, हरवलेल्या कपड्याच्या किमतीचा किरकोळ अंशच मिळेल असे सांगणारी, याच तत्त्वावर फेटाळली. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून चोरीस गेलेल्या मोटारीच्या प्रकरणात 'गाडी मालकाच्या जोखमीवर' ही चिठ्ठीवरील ओळ हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणापासून वाचवू शकत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. साडी आणि मोटार यांना मिळालेले हे संरक्षण मुलाला नाकारणारा युक्तिवाद कोणता वकील कोणत्या तोंडाने करील, हा प्रश्नच आहे.

याचा अर्थ प्रत्येक खरचटण्याची भरपाई मिळते असा नाही. खेळात अंगभूत असलेली जोखीम, जसे खो-खोत मुरगळलेला पाय, ती पत्करूनच मूल मैदानात उतरते आणि तेवढ्यापुरता आयोजकाचा बचाव टिकतो; जीवरक्षकाविना उघडलेला तलाव ही खेळाची जोखीम नव्हे, ती आयोजकाची हयगय होय. पठाणकोटजवळील एका शाळेची चौदा मुले २८ मे १९९५ रोजी सहलीत बियास नदीत बुडाली, तेव्हा प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केला. अशा मृत्यूची फौजदारी जबाबदारी, जी आता भारतीय न्याय संहितेच्या १०६व्या कलमात आहे, ती तर पालकाने माफ करण्याजोगी नाहीच, कारण त्या खटल्यात फिर्यादी पक्ष राज्य असते.

पालकांची खरी अडचण हमीपत्रापेक्षा दाद मागण्याच्या ठिकाणी आहे. उत्तर प्रदेशातील एका शाळेने २००७ साली हजार रुपये घेऊन भरवलेल्या उन्हाळी शिबिरात एक विद्यार्थी पोहण्याच्या तलावात बुडाला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने शिक्षण आणि त्याला जोडून येणारे पोहण्यासारखे उपक्रम ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा' नाहीत, या कारणावरून वडिलांची तक्रार फेटाळली, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील दाखल करून घेतले. वेगळे शुल्क आकारलेला पोहण्याचा वर्ग आणि गणिताचा तास यांना एकाच मापाने मोजणारी आयोगाची ही भूमिका पटण्यासारखी नाही. शाळेऐवजी खासगी संस्थेने शिबिर भरवले असेल तर हा आक्षेप बराच दुबळा होतो, आणि म्हणूनच शुल्काची पावती कोणाच्या नावाची आहे हे अर्ज भरतानाच पाहणे हमीपत्र वाचण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

ब्रिटनमध्ये १९७७च्या कायद्याने, निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी व्यावसायिकाने नोटिशीने किंवा कराराने झटकण्यास सरळ मनाई केली; भारतात अन्याय्य अटींविषयी विधी आयोगाने २००६ साली १९९वा अहवाल दिला, परंतु त्यातून स्वतंत्र कायदा झाला नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अन्याय्य करार' ही संकल्पना आणून राज्य आयोगाला अशा अटी रद्द करण्याचा अधिकार दिला, पण त्यासाठी बुऱ्हाणपूरकराला भोपाळ गाठावे लागते. भरपाईची साधी तक्रार मात्र तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. त्यामुळे चिखलदऱ्यातील शिबिराच्या अर्जावर 'फक्त अमरावती न्यायालय' असे छापलेले असले, तरी बुऱ्हाणपूरच्या पालकाला त्यासाठी अमरावतीची वाट धरण्याचे कारण नाही.