‘जैत रे जैत’ हा अल्बम नव्हे काय?

गेल्या पावसाळ्यात आपल्या वाङ्मय मंडळाने भित्तिपत्रकाचा संगीत विशेषांक लावला होता. जिन्याजवळून जाता-येता बहुतेकांनी तो पाहिला असेल. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक कोरा कागद डकवलेला होता, वर मथळा होता ‘सत्तरच्या दशकातला तुमचा आवडता अल्बम’, आणि शेजारी सुतळीला बांधलेले एक पेन लोंबत होते. (पेन दुसऱ्याच दिवशी नाहीसे झाले, पण ते आपल्याकडे चालायचेच!) तीन-चार दिवसांत कागद भरला. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’, लेड झेपेलिनचा चौथा, डीप पर्पलचा ‘मशीन हेड’, ईगल्सचा ‘होटेल कॅलिफोर्निया’. क्वीनचा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ लिहिणाऱ्याने पुढे ‘फ्रेडी आपल्या पाचगणीचा’ असेही लिहून ठेवले होते. ते खोटे नाही. फ्रेडी मर्क्युरी जन्मला झांझिबारला, पण शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि त्याचा पहिला बँडही त्या शाळेतलाच.

मी सगळ्यात खाली लिहिले: ‘जैत रे जैत, १९७७’.

दुसऱ्या दिवशी पाहते तो त्या ओळीवर लाल शाईची आडवी रेघ, आणि पुढे बारीक अक्षरात शेरा: ‘हा सिनेमा आहे, अल्बम नाही.’ कुणी लिहिले ते मला ठाऊक नाही आणि शोधायचेही नाही. तो मित्र किंवा ती मैत्रीण आज हे पान वाचत असेल तर माझा राग नाही, हे आधीच सांगते. पण उत्तर द्यायचे राहून गेले होते. त्या कागदावर जागा उरली नव्हती, वार्षिकांकात संपादकांनी दिली आहे.

पहिली गोष्ट ही, की मी इंग्रजी तबकड्यांच्या विरुद्ध नाही. यादीतली दोनच नावे मी आधी ऐकली होती, तीही नुसतीच कानावरून गेलेली. मग ठरवले की खोडणाऱ्याला उत्तर देण्याआधी सगळे ऐकायचे. आमचा पाडा आटगाव स्टेशनापासून अर्ध्या तासाच्या चालीवर. माझी चुलतबहीण आसनगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, तेव्हा सकाळी आम्ही दोघी बरोबर निघतो आणि हेडफोनची एक-एक वायर वाटून घेतो. आटगाव ते आसनगाव एकच स्टेशन. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ त्रेचाळीस मिनिटांचा आहे. तो घराच्या उंबऱ्यावर सुरू केला तर लोकल वेळेवर असल्यास आसनगावच्या फलाटावर संपतो. त्यात एका गाण्याच्या सुरुवातीला सगळी घड्याळे एकदम ठणाणा करतात. पहिल्या दिवशी ती वाजली तेव्हा आम्ही दोघी रस्त्यातच थांबलो आणि बहिणीने मागे वळून पाहिले! दुसऱ्या एका गाण्यात गल्ल्याचा आणि नाण्यांचा आवाज ठेक्यात बसवला आहे, आणि तो ठेका सात मात्रांचा, आपल्या रूपकासारखा. इंग्रजी शब्द मला निम्मे कळले नाहीत. पण सगळी गाणी एकमेकांना चिकटलेली आहेत, मधले एखादे काढले तर पुढचे अधांतरी राहील, एवढे नक्की कळले.

अल्बम म्हणजे हेच ना? नुसती दहा गाणी एका कव्हरात घातली तर तो गाण्यांचा जुडगा झाला. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत. गाणे तेवढ्यात आटपावे लागे. लाँग प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली, तेव्हा एका बैठकीत सांगता येईल असे काही सांगण्याची सोय झाली. सत्तरच्या दशकातल्या रॉकवाल्यांनी ती सोय पुरेपूर वापरली. पिंक फ्लॉइडच्याच १९७१च्या ‘मेडल’वर ‘एकोज’ नावाचे गाणे अख्खी एक बाजू व्यापते. ‘द वॉल’ (१९७९) तर दोन तबकड्यांत एकाच माणसाची कहाणी सांगतो.

आता ‘जैत रे जैत’ पाहू. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, डॉ. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांची गीते, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. डझनाहून जास्त गाणी, आणि ती नायक-नायिकेने झाडाभोवती फिरण्यासाठी घातलेली नाहीत. नाग्या हा भगताचा मुलगा, ढोल वाजवणारा. लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीने त्याचा एक डोळा नेला आणि त्याने तिला खाली उतरवायचा हट्ट धरला. चिंधी लग्नाच्या नवऱ्याला सोडून त्याच्याकडे आली. ही गोष्ट गाण्यांमधूनच पुढे सरकते. लताबाई आहेत, आशाबाई आहेत, आणि रवींद्र साठे व चंद्रकांत काळे हे ‘घाशीराम कोतवाल’च्या रंगमंचावरून आलेले आवाज कथेकऱ्यासारखे मधे-मधे येऊन कहाणी हातात घेतात. सिनेमा न पाहता नुसती गाणी क्रमाने ऐकली तरी नाग्या डोंगर चढतो तो समजतो. याला अल्बम म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

‘सिनेमा आहे’ हा आक्षेपही टिकत नाही. त्याच १९७७ साली अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ची तबकडी निघाली. ती सिनेमाचीच गाणी होती, तिच्या कोट्यवधी प्रती खपल्या आणि जगात तिला अल्बमच म्हणतात. जॉन ट्रॅव्होल्टाच्या सिनेमाची तबकडी अल्बम, आणि मोहन आगाशे-स्मिता पाटीलच्या सिनेमाची मात्र नाही, हा कुठला न्याय? कुणी म्हणेल, भित्तिपत्रकावरची यादी रॉकची होती. मथळ्यात तसे लिहिलेले नव्हते. आणि रॉकचीच म्हणाल तर मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा ‘ऑब्सेशन ७७’ तरी कुणी लिहायचा होता! जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ साली मुंबईत येऊन इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेले, हे झेपेलिन लिहिणाऱ्या आपल्या मित्राला ठाऊक असेल तर उत्तम. आपल्याला आवडते कोणते, यापेक्षा आवडते म्हणून कोणते लिहिलेले शोभेल, याचा विचार त्या कागदावर जास्त झाला असावा अशी मला शंका आहे. माझ्या मनातही तो आलाच होता. मी ती ओळ लिहिण्याआधी दोन दिवस जिन्याजवळ नुसती घुटमळत होते.

कारण मी ठाकर आहे. हे या अंकात लिहायलाही मला धीर करावा लागला.

दहावीत असताना एका शाळेच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. तिथे मुलांनी तोंडाला काळा रंग फासून, डोक्याला पिसे खोचून ‘आम्ही ठाकर ठाकर’ या गाण्यावर नाच केला. आमच्या पाड्यावर कुणी डोक्याला पिसे लावत नाही. माझी आजी काष्टा घालते, बाबा शर्ट-पँट घालतात. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. शेजारच्या मैत्रिणीने विचारले, “तुम्ही असे नाचता?” मी म्हटले, “आम्ही नाही, ते जंगलात राहणारे.” त्या उत्तराची लाज मला अजून वाटते, आणि ते गाणे त्यानंतर कितीतरी दिवस मी लावले नव्हते.

बाबांना हे सांगितले तेव्हा ते हसले. त्यांनी ते गाणे पहिल्यांदा ऐकले वीटभट्टीवर. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरे भिवंडी-कल्याणच्या बाजूला भट्टीवर जात, आजी-आजोबा बाबांना घेऊन जायचे, म्हणून त्यांची शाळा चौथीला सुटली. मुकादमाजवळ टेपरेकॉर्डर होता. संध्याकाळी तो प्रल्हाद शिंदे लावी, ‘पिंजरा’ लावी, दादा कोंडके लावी, आणि एका कॅसेटवर हे. बाबा सांगतात, “आपल्या जमातीचं नाव त्याआधी मुकादमाच्या तोंडून ऐकायचो, ते शिवीसारखं. टेपातून ऐकलं तेव्हा वाटलं, हे कुणीतरी चांगल्या मनानं घेतंय.” मुकादम त्यांना मुद्दाम ‘ए ठाकर, तुझं गाणं लागलंय’ म्हणून हाक मारी. चेष्टाच होती ती. पण बाबा हातातला साचा ठेवून जायचे.

आजीचे मत वेगळे. मी तिला मोबाइलवर सगळी गाणी क्रमाने ऐकवली. ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, “हे ‘आम्ही’ म्हणतात ते कोण?” मी गाणाऱ्यांची नावे सांगितली. “ते ठाकर हायेत?” नाही म्हटले. “आणि लिवलं कोणी?” मी म्हटले, एका शेतकरी कवीने, अजिंठ्याकडच्या. “मग बोली त्यांची हाय, आपली नाय,” असे म्हणून ती पुन्हा तांदळाला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “गातात चांगलं. पण ढोल लगेच थांबतो.”

हे दोन्ही आक्षेप मला खोडता येत नाहीत. कथा घडते ती तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या डोंगरात, आणि महानोरांच्या शब्दांत पळसखेडच्या शेताचा वास आहे. आम्हाला ‘आम्ही’ म्हणणारे त्यात आमचे कुणीच नाही. आणि ढोल तर थांबणारच, कारण गाणे चार-पाच मिनिटांचे. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा आमच्याकडचा नाच रात्री सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालतो. एक ओळ एकीने म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि पाय दुखेपर्यंत तिलाच धरून बसायचे. गंमत म्हणून मी आजीला तो तेवीस मिनिटांचा ‘एकोज’ही ऐकवला. मधे तिचा डोळा लागला. जागी झाली तर गाणे चालूच. “अजून तेच हाय?” म्हणाली, आणि तक्रारीच्या सुरात नाही. असे गाणे तिला ओळखीचे होते.

तरीही माझी निवड बदलत नाही. परक्यांनी आमच्याविषयी केलेले सगळेच टाकून द्यायचे म्हटले तर माझ्या हातात काय उरेल? सत्तरच्या दशकात कुणाचे गाणे तबकडीवर जावे हे एचएमव्ही, पॉलिडोर अशा बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या ठरवीत. ऐंशीच्या दशकात कॅसेटी आल्या, लहानसहान कंपन्या निघाल्या, कोळीगीते, भीमगीते, लोकगीते गावोगाव वाजू लागली. आजी १९७७ साली विशीतली होती. त्या वर्षीच्या गौरीला ती काय गायली, किती वेळ गायली, याची तबकडी निघालेली नाही, म्हणून ती कुठल्या यादीत येणार नाही. आमच्या शहापुरातून तानसा, वैतरणा, भातसा अशा तीन नद्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो, त्यातलाच हा प्रकार. मुंबईहून जे गाणे परत आले त्यात आमचे नाव होते, आणि ते प्रेमाने घेतलेले होते. बाबांनी ते भट्टीवर ऐकले आणि मला शिकवायचे ठरवले, असे ते स्वतः म्हणत नाहीत. पण पाड्यावर भट्टीला न गेलेल्या पहिल्या मुलांत मी आहे.

पिसे खोचून नाचणाऱ्या मुलांचा दोष त्या गाण्याच्या माथी मारावा असे मला आता वाटत नाही. मात्र यापुढे आपल्या स्नेहसंमेलनात कुणी ते बसवणार असेल तर मला विचारावे. रंग फासायची गरज नाही. पायांचा ठेका मी शिकवीन.

वाङ्मय मंडळाला आणखी एक सुचवायचे होते. पुढच्या वेळी असा कागद लावाल तेव्हा ‘आवडता अल्बम’ याऐवजी ‘तुमच्या घरात काय ऐकले जाई’ असे विचारून पाहा. आपल्या वर्गात मुरबाडची मुले आहेत, खर्डी-कसाऱ्याची आहेत, कुणाचे वडील भजनी मंडळात आहेत, कुणाच्या घरी बँजो पार्टी आहे. कागद पुरणार नाही. आणि पेन दोरीऐवजी साखळीला बांधावे.

यंदा गौरीच्या दुसऱ्या रात्री मी मोबाइल आजीच्या पदराखाली ठेवून ध्वनिमुद्रण लावले. बावन्न मिनिटे झाली आणि जागा संपली. आजी पुढे पहाटेपर्यंत गात होती. झेपेलिनचा चौथा आणि ‘होटेल कॅलिफोर्निया’ पुसून मी थोडी जागा केली, ‘डार्क साइड’ ठेवला. आजीच्या त्या फाइलला काय नाव द्यावे ते ठरलेले नाही. सध्या तिथे नुसते ‘आजी १’ असे आहे.