‘जसे आहे, जेथे आहे’

बँकेत असताना थकीत कर्जाच्या तारण मालमत्तेच्या लिलावाच्या जाहिराती मी अनेकदा तपासून पाठवल्या. ‘जे आहे, जेथे आहे, जसे आहे आणि जे काही आहे’ या तत्त्वावर विक्री, हे शब्द त्यात कधी सुटत नसत. अर्थ एवढाच, की पुढे छत गळके निघाले तरी बोली लावणाऱ्याने बँकेकडे यायचे नाही. गेल्या मार्चमध्ये याच शब्दांनी माझ्या तुमसरच्या भाच्याला गाठले.

त्याची धान्याची आडत. ऐन हिशेबाच्या दिवसांत दुकानातील संगणकाचा मदरबोर्ड बंद पडला. त्या जातीचा नवा बोर्ड आता मिळत नाही, म्हणून त्याने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अडीच हजारांत जुना मागवला. वर्णनात लिहिले होते, ‘यूज्ड, अ‍ॅज इज’. बोर्ड आला, पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. चार दिवस बिले हाताने लिहावी लागली. विक्रेत्याने उत्तर दिले, ‘आम्ही आधीच सांगितले होते.’ खरे सांगायचे तर, त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ‘अ‍ॅज इज’ म्हणजे आमच्या लिलावातले ‘जसे आहे’च.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखला जातो. आपल्याकडच्या भांड्यांच्या व्यापाऱ्याला ‘नवा नग’ आणि ‘मोड’ यांतला फरक शिकवावा लागत नाही. संगणकाच्या बाजारातली मोड म्हणजे ‘फॉर पार्ट्स’ किंवा ‘नॉट वर्किंग’. ती दुरुस्ती करणाऱ्यासाठी असते, आपल्यासाठी नव्हे. ‘अनटेस्टेड’ हा शब्द त्याहून फसवा. भाग तपासायला पाच मिनिटे लागतात. ज्याने ती दिली नाहीत, त्याने बहुधा तपासून पाहिले आणि निकाल सांगायचा टाळला, असे मी समजतो. ‘वर्किंग पुल’ म्हणजे चालू यंत्रातून काढलेला भाग. हा बरा, पण काढतानाची इजा त्यात धरलेली नसते.

‘रिफर्बिश्ड’ हा शब्द वाचला, की प्रश्न विचारावा: कोणी केले? कंपनीने केले असेल तर मागे हमी असते. विक्रेत्याने केले असेल तर कदाचित केवळ धूळ पुसलेली असते. ‘ग्रेड ए’ हे बहुतेक वेळा बाह्यरूपाचे प्रशस्तिपत्र असते, प्रकृतीचे नव्हे. ‘ओपन बॉक्स’ म्हणजे खोके उघडलेले. आतला माल किती वापरला, हे त्यातून कळत नाही.

हार्ड डिस्क मात्र जुनी घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. तिच्यात आपली खतावणी राहते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतील हाईज या माध्यमसंस्थेने दाखवून दिले, की सीगेटच्या हजारो तास चाललेल्या काही हार्ड डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. डिस्क किती तास चालली याची नेहमीची नोंद पुसून शून्यावर आणलेली होती. आत खोलवरची दुसरी नोंद तशीच राहिली, म्हणून चोरी उघडकीस आली. वर्षाचे तास ८,७६० होतात. यावरून हिशेब करावा. खोडलेली खातेवही मी नोकरीत पाहिली होती, यंत्राचीही खोडता येते हे नव्याने कळले.

कायदा आपल्या बाजूला आहे, पण पूर्णपणे नाही. जुना वा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून दाखवणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणूनच वर्णनाचे पान पैसे देण्यापूर्वी जतन करावे आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे. पान नंतर बदलले जाऊ शकते. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आपल्या वाचकांना लागू पडणारी एक अट मात्र येथे आहे. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू अपवाद आहे. मोठ्या पेढीने तक्रार केली, तर समोरचा वकील पहिला आक्षेप हाच घेईल. घरगुती वापराचा भाग पेढीच्या नावे मागवून थोडा कर वाचवण्याची आपली सवय येथे महाग पडू शकते.

भाच्याने दुसरा बोर्ड घेतला तेव्हा किंमत तीन हजार सातशे होती. वर्णनात ‘टेस्टेड’ होते, तीस दिवसांत परत घेण्याची तयारी होती, आणि कोणत्या प्रोसेसरवर तपासला हेही लिहिलेले होते. आजवर तो चालतो आहे. पहिला बोर्ड गल्ल्याखाली पडला आहे. भंगारवाल्याने त्याला किलोचा भाव सांगितला, तो भाच्याला पटला नाही.