‘बायकाच येत नाहीत’ म्हणणाऱ्यांना

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल आरोग्य खात्यातल्या माणसांशी बोलायला गेलं की एक वाक्य ठरलेलं असतं. “आम्ही शिबिर लावतो हो, बायकाच येत नाहीत.” आता आपले कार्यकर्तेही तेच बोलायला लागलेत. बायका लाजतात, अडाणी आहेत, घाबरतात. ज्या समाजाला ‘यांना शिकायचंच नसतं’ असं म्हणून शाळेबाहेर ठेवलं गेलं, त्या समाजाच्या पोरांनी हे बोलावं याचा मला राग येतो.

आधी धोका समजून घेऊ. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईला हा कॅन्सर होण्याची शक्यता इतर बाईपेक्षा सहापट असते. हा कॅन्सर ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो तो बहुतेकांच्या शरीरात कधी ना कधी येतो आणि प्रतिकारशक्ती त्याला हुसकून लावते. ती कमजोर असली की तो ठाण मांडतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की एचआयव्ही असलेल्या बाईची तपासणी पंचविशीपासून सुरू करा आणि दर ३ ते ५ वर्षांनी करा. आपल्याकडचा सर्वसाधारण कार्यक्रम तिशीपासून सुरू होतो, आणि तोही कागदावरच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी शंभरात दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती. शंभरच्या शंभर लाजल्या काय?

बायका येतात, हे महाराष्ट्रानेच सिद्ध केलंय. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची तपासणी दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या बायकांनी केली. तपासणी कसली, तर गर्भाशयाच्या तोंडाला पातळ केलेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरच, लावायचं आणि मिनिटभर थांबून पांढरा चट्टा उमटतो का ते बघायचं. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उरलेल्या निम्म्या बायकांना मात्र तुलनेसाठी बिनतपासणीचं ठेवलं, फक्त माहिती दिली. त्यावर जगभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. तुलनेसाठी ठेवायला झोपडपट्टीतल्याच बायका बऱ्या सापडतात! पण ज्यांच्या शरीरावर हे ज्ञान उभं राहिलं, त्यांच्यापर्यंत तरी ते पोचलं का, हा माझा त्याहून मोठा प्रश्न आहे.

एचआयव्ही असलेल्या बायकांचंच बोलायचं तर पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतल्या डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत अकराशेंहून जास्त अशा बायकांची तपासणी केली. निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. त्या अकराशे आल्याच ना? सन्मानाने बोलावलं, गुप्तता पाळली, चट्टा सापडला तर तिथेच पुढचा उपचार ठेवला, तर बाई येते.

आता मुकुटबनला या. झरी जामणी तालुक्याचं नाव पेपरात येतं ते कुमारी मातांमुळे. फोटो निघतात, मंत्री येऊन जातात. तिथल्या बाईच्या आरोग्याचं काय, हे विचारायला कुणी थांबत नाही. सिमेंट कारखाना आला, कोळशाचे ट्रक धावतात, पण एआरटीचं मोठं केंद्र यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, शंभर किलोमीटरवर. जवळच्या लिंक केंद्रात गोळ्या मिळाल्या तरी काही बिघडलं की यवतमाळच. वेचणीच्या दिवसांत एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यात एचआयव्हीचा कार्यक्रम एका खात्याचा, कॅन्सरचा दुसऱ्याचा. गोळी घेऊन झाली की ‘त्या तपासणीला उद्या या’. उद्या म्हणजे पुन्हा दोनशे किलोमीटर.

एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवास आहे. पण ते कार्ड कंडक्टरला दाखवायचं कुणासमोर? मुकुटबनच्या गाडीत अर्धं मुकुटबनच बसलेलं असतं. म्हणून बाई महिलांसाठीचं अर्धं तिकीट काढते आणि हक्काची सवलत सोडून देते. याला तुम्ही लाज म्हणता? मी हिशेब म्हणते. गावात नाव फुटलं तर मजुरीचं काम जातं आणि पोरीचं लग्न अडतं.

दुसरी भीती पिशवी काढण्याची. ‘तपासायला गेलं की पिशवी काढायला लावतात’ हे बायका उगाच म्हणत नाहीत. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं काय झालं ते २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलंच होतं. चट्टा लवकर सापडला तर शेक देऊन किंवा गोठवून तो काढता येतो, बहुतेकींना पिशवी काढावी लागत नाही, हे त्यांना कुणी बसून सांगितलंय का?

आता आपल्याविषयी. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा र. धों. कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. १९३८ मध्ये संततिनियमनाचा त्यांचा ठराव मुंबई विधानसभेत पी. जे. रोहम यांनी मांडला. बाईच्या शरीराबद्दल भर सभागृहात बोलण्याचा वारसा आपला आहे. आणि आपल्या विहारात ‘एचआयव्ही’ शब्द निघाला की महिला मंडळाच्या अध्यक्ष मॅडम मान खाली घालतात. त्या बाईला आपणही वेगळं बसवतो. फक्त त्याला आपण विटाळ म्हणत नाही, एवढंच.

कृपा करून ‘एचआयव्हीग्रस्त महिलांसाठी शिबिर’ असा बॅनर मात्र लावू नका. त्या मांडवात पाय ठेवणारी प्रत्येक बाई गावभर होईल. शिबिर सगळ्या बायकांसाठी घ्या, वर्षावासात घ्या. गर्दीत ती निर्धास्त येईल. पंचविशीच्या बाईला ‘तुझं वय नाही’ म्हणून परत पाठवू नका आणि कारणही विचारू नका. तिला एआरटीच्या समुपदेशकाने पाठवलेलं असू शकतं. सोबतीला एक बाई द्या, पुढच्या तपासणीच्या दिवसाची मजुरी वर्गणीतून द्या. आपण जयंतीच्या डीजेवर किती घालवतो ते मला सांगायला लावू नका.

शिबिर आपण घेऊ, पण सरकारला सोडायचं नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. दवाखान्यात भेदभाव करायला आणि संमतीशिवाय स्थिती उघड करायला त्याने मनाई आहे, तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. यवतमाळच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे निवेदन द्यायचं ते एवढंच मागायला : ज्या दिवशी गोळी त्याच दिवशी तपासणी, आणि बाईच्या एआरटीच्या हिरव्या पुस्तकात तिची तारीख. निवेदनाचा मसुदा मी तयार केलाय. झरी, वणी, पांढरकवड्यातून सह्या हव्यात. त्यात बायकांच्या जास्त असाव्यात, आणि कुणाचीही स्थिती लिहायची नाही.