रात्रीची गोळी कोणासाठी?

मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याला, नारिवली-उचल्याकडे हळव्या भाताची कापणी तोंडावर आली आहे. आज १ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. १९९१ पासून जग तो पाळते. मुरबाड-शहापुरातही आज शाल-श्रीफळ होईल, रक्तदाब तपासले जातील. आम्हाला मात्र आज वृद्धाश्रमात रात्री दिल्या जाणाऱ्या एका गोळीविषयी बोलायचे आहे.

परवा एका वृद्धाश्रमात होतो. नाव घेत नाही. हे दुखणे त्या एका घराचे नाही. जेवणे उरकली होती. खाटा बावीस आणि रात्रपाळीला मावशी एकटी. एक आजी पदराला गाठ मारत होत्या, सोडत होत्या, पुन्हा मारत होत्या. "भात कापायचाय, मला घरी सोड," एवढेच सारखे म्हणत होत्या. मावशीने डब्यातली गोळी त्यांना पाण्याबरोबर दिली. तासाभरात आजींची मान छातीवर आली. मावशीने लाळ पुसली आणि म्हणाली, "आता गप झाल्या." तिला दोष कसा द्यायचा? बावीस जणांना एकटी बाई आणखी काय करणार? पण ती गोळी आजींच्या आजारासाठी होती की मनुष्यबळाच्या तुटवड्यासाठी, हे विचारलेच पाहिजे.

अशा वेळी दिली जाणारी क्वेटियापीन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल ही औषधे मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांची. स्मृतिभ्रंशात रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, तर थोड्या काळापुरती ती लागतातही. मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेचे औषध प्रशासन २००५ पासून देत आले आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रा. सुबे बॅनर्जी यांच्या अहवालाने हिशेब मांडला: असे सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण ही औषधे घेत होते आणि त्यापायी वर्षाला अंदाजे १,८०० जादा मृत्यू होत होते. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गुंगीच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी नाही. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते आणि चालते माणूस अंथरुणाला खिळते.

म्हातारे माणूस ओरडते तेव्हा बहुधा काहीतरी सांगत असते. लघवीत जंतुसंसर्ग असेल, चार दिवस पोट साफ नसेल, दाढ ठणकत असेल, कानाचे यंत्र बंद पडले असेल. कधी तर त्याची ठाकरी बोली खोलीत कोणाला कळत नसते! गोळीने हे सगळे झाकले जाते. आणि जे आजोबा भिंतीकडे तोंड करून निजतात, अर्धी भाकरी ताटात टाकतात, त्यांना कोणी काही देत नाही, कारण त्यांचा कोणाला त्रास नाही. नैराश्य त्यांना आहे आणि त्यावर खरोखर उपचार होतात.

सिद्धगडाच्या माचीवरच्या म्हाताऱ्यांची तऱ्हा उलटी. तिथे गोळीच काय, डॉक्टरही पोहोचत नाही. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण गड उतरून, एसटीने मुरबाड, कल्याण करत तिथे जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. वाडीवर त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात.

वृद्धाश्रमातल्या प्रत्येकाच्या गोळ्या दर तीन महिन्यांनी डॉक्टरने नव्याने तपासाव्यात आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याची नोंद मागावी, ही आमची मागणी आहे. नातेवाइकांनीही दिवाळीचा फराळ घेऊन जाताना औषधांची चिठ्ठी मागून घ्यावी. ही गोळी कशासाठी, किती दिवस आणि बंद कधी करायची, एवढे डॉक्टरांना विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांची आणि दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. मनाने मात्र गोळी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. ठाण्याला जाणे जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे.