हातोड्याची पावती

२०२५ च्या ऑगस्टात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईस आली. आपल्या सरकारने ती सदबीजच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली होती. स्वागत झाले, भाषणे झाली. छाती फुगली ती माझीही. पुढल्या आठवड्यात वर्गात ही हकीकत रंगवून सांगितली, तो मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “सर, तलवार आपलीच होती ना? मग पैसे कसले दिले?”

लिलावाचे नियम सांगून मी त्याला खाली बसवले. शाळा सुटल्यावर जोगेश्वरीच्या लेण्यावरून घरी येताना मात्र माझे उत्तर मलाच पटेना. हे लेणे सहाव्या शतकातले. पाण्याने झिजले, वस्तीने वेढले, पण जागेवर राहिले. कारण डोंगर उचलून कोणाला नेता येत नाही! चित्राचे तसे नाही. चौकटीतून काढले, गुंडाळले, की निघाले. म्हणूनच युरोपातले एकोणिसावे शतक हे जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांच्या लिलावांचे शतक ठरले. आपल्या तलवारीची कथा उमगायची असेल, तर आधी त्या लिलावघरात डोकावले पाहिजे.

तिथला सगळाच व्यवहार काळा होता असे मी म्हणत नाही. १८८२ साली स्कॉटलंडच्या हॅमिल्टन पॅलेसमधली चित्रे आणि वस्तू विकायला सतरा दिवस लागले, जवळजवळ चार लाख पौंड जमले. ड्यूकसाहेबांचीच मालमत्ता, त्यांनीच विकली. आपण मधे बोलणारे कोण? पण त्याआधी तीस वर्षे, १८५२ च्या मे महिन्यात, पॅरिसला मार्शल सूल्त यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, त्याची गोष्ट ऐका. हे गृहस्थ नेपोलियनचे सेनापती. स्पेनच्या स्वारीवर गेले आणि सेव्हिलच्या देवळा-मठांतली चित्रे घेऊन आले. त्यांत सतराव्या शतकातल्या मुरिलोने काढलेले मेरीमातेचे एक भव्य चित्र होते, वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमातले. सूल्त वारले, आणि माल बाजारात मांडला गेला. बोली लावायला कोण कोण? रशियाचा झार, फ्रान्सचे लूव्र संग्रहालय आणि, हे लक्षात घ्या, स्पेनची राणी! जिच्या राज्यातून चित्र गेले, तीच गिऱ्हाइकांच्या रांगेत. आणि तीही हरली. ५,८६,००० फ्रँकांना चित्र लूव्रकडे गेले. तोवर एवढी किंमत कुठल्याच चित्राला आली नव्हती. एक वार, दोन वार, तीन वार. हातोडा पडला आणि लुटीला पक्की पावती मिळाली. पुढे १९४१ साली ते चित्र स्पेनला परत गेले, तेही बदल्यात दुसरी चित्रे देऊन.

माझे भांडण आहे ते या पावतीशी. हातोडा मालाची किंमत ठरवतो. मालकी ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? घरातून चोरीला गेलेला तांब्या चोरबाजारात दिसला, तर आपण पोलिसाला बोलावतो की दुकानदाराशी घासाघीस करतो? (पुष्कळजण घासाघीसच करतात, हे मला ठाऊक आहे, पण निदान तांब्याचा सत्कारसमारंभ करीत नाहीत.)

नागपूरचेच पाहा. १८५४ मध्ये राज्य खालसा केल्यावर कंपनीने भोसल्यांचे हत्ती-घोडे सीताबर्डीला विकून टाकले आणि जडजवाहीर कलकत्त्यास लिलावात काढले. नेणारेही तेच, पुकारा करणारेही तेच! रघुजींची तलवार नागपूरच्या अशाच लुटीतून, बहुधा १८१७ च्या लढाईनंतर, गेली असावी असा कयास आहे.

“नेले म्हणून टिकले, तुम्ही काय दिवे लावले असते?” असे विचारणारे विद्वान आपल्यातही आहेत. त्यांनी अजिंठ्याचा हिशेब मांडावा. आमचे जुने थोर चित्रकार ते. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, एवढेच. डॉ. जेम्स बर्ड नावाच्या विद्वानाने तिथल्या भिंतीवरच्या आकृती सोलून काढल्या. एकोणिसाव्या शतकात निघालेला दुसरा एक तुकडा पुढे लंडनच्या लिलावात विकला गेला. आज तो बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. आणि टिकण्याचेच म्हणाल, तर मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनला धाडल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही शंभरावर १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. ज्या भिंतींना असुरक्षित म्हटले जाई, तिथली मूळ चित्रे मात्र, झिजलेली का होईना, अजून जागेवर आहेत.

मग करावे काय? २०२५ च्याच मे महिन्यात, पिप्रहव्याच्या स्तूपातून १८९८ साली निघालेली रत्ने हाँगकाँगच्या लिलावात आली. केंद्र सरकारने नोटीस बजावली आणि पुकारा थांबला. म्हणजे थांबतो तर! पुढे जुलैत ती रत्ने परत आली, ती मात्र आमच्या जोगेश्वरीचा रस्ता ज्या विक्रोळीला जातो तिथल्या गोदरेज समूहाने पैसे मोजले म्हणून. त्यांचे मी आभारच मानतो. पण नोटीस निघाली त्या घटकेला आपण अधिक ताठ उभे होतो.

तलवार घ्यायलाच नको होती, असे मी म्हणत नाही. माझे मागणे लहान आहे. पुढच्या वेळी बोलीआधी नोटीस जाऊ द्या. आणि या तलवारीखाली पाटी लावाल, तेव्हा रघुजींच्या पराक्रमाबरोबर ती नागपुरातून कशी गेली असावी, कोणाच्या हातोड्याखाली आली आणि आपण किती मोजले, तेही लिहा. शाळेची सहल तिथे न्यायचा माझा बेत आहे. पाटी मोठ्याने वाचायला मी मागच्या बाकावरच्या त्या मुलालाच उभा करणार आहे.