स्मरणाचे रंजन आणि थेटपणाचा प्रश्न

'नॉस्टॅल्जिया'साठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुबक आहे, पण भाषांतरात एक गोष्ट निसटली. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ग्रीकमधील 'घरी परतणे' आणि 'वेदना' या दोन शब्दांच्या जोडणीतून आपला शब्द घडवला, तो एका आजाराचे नाव म्हणून. मराठीने त्यातील वेदना काढून तेथे रंजन बसवले. जुन्या दूरचित्रवाणीवरील थेट गाण्याबद्दल आज जे हळवे बोलले आणि लिहिले जाते, ते वाचताना आम्हांला या अदलाबदलीची वारंवार आठवण होते.

या हळवेपणाचे दोन प्रवाह दिसतात. एक रॉक संगीताचा. बीबीसीवर १९७१ साली सुरू झालेला 'ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट', अमेरिकेतील 'एड सलिव्हन शो' यांतील जुनी दृश्ये पाहून 'तसे आता होत नाही' असे उसासे टाकले जातात. दुसरा प्रवाह मुंबई दूरदर्शनचा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या या केंद्राच्या 'शब्दांच्या पलीकडले'सारख्या कार्यक्रमांनी मराठी भावगीताला घराघरांत चेहरा दिला. नाशिकच्या साहित्यवर्तुळात हे दोन्ही उसासे ऐकू येतात, अनेकदा एकाच व्यक्तीच्या तोंडून.

मात्र या दोहोंत एक मूलभूत फरक आहे आणि तो सहसा नजरेआड होतो. ज्या पिढीने ऐंशीच्या दशकात नाशकात तारुण्य काढले, तिने 'व्हिसल टेस्ट' त्या काळी पाहिलेलाच नाही. एमटीव्ही उपग्रहामार्गे आशियात पोहोचला १९९१ साली. हेंड्रिक्स किंवा मार्ली यांची दूरचित्रवाणीवरील गाणी आपल्याकडे खऱ्या अर्थाने उपलब्ध झाली ती २००५ नंतर, यूट्यूबमुळे. म्हणजे रॉकबद्दलचे आपले स्मरणरंजन हे बव्हंशी उसने आहे. जे आपण अनुभवले नाही त्याची आठवण आपण काढतो आहोत. यात लाजण्यासारखे काही नाही. वाचनाने आपण दुसऱ्यांच्या कितीतरी आठवणी आपल्याशा करतोच. पण उसन्या आठवणीची तपासणी अधिक काटेकोर व्हायला हवी.

ही तपासणी केली की पहिला धक्का बसतो तो 'थेट' या शब्दालाच. १९६४ ते २००६ इतका दीर्घ काळ चाललेल्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये कितीतरी गायक आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर केवळ ओठ हलवत. दूरदर्शनवरील बरेच कार्यक्रमही स्टुडिओत मुद्रित होऊन नंतर प्रक्षेपित होत. तेव्हा आपण ज्याची आठवण काढतो ते सरसकट थेट नव्हते. मग आपल्याला नेमके काय हरवल्यासारखे वाटते?

आमच्या मते उत्तर 'जोखीम' हे आहे. ४ जानेवारी १९६९ रोजी बीबीसीवर लुलूच्या कार्यक्रमात जिमी हेंड्रिक्सने ठरलेले गाणे मध्येच थांबवले आणि नुकत्याच विसर्जित झालेल्या 'क्रीम' या वाद्यवृंदाला अभिवादन म्हणून त्यांचेच गाणे वाजवायला घेतले. कार्यक्रमाची वेळ उलटली, निर्मात्यांची तारांबळ उडाली. डिसेंबर १९७७ मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह'मध्ये एल्विस कॉस्टेलोने सुरू केलेले गाणे काही सेकंदांत तोडले आणि दुसरेच म्हटले. पुढे कित्येक वर्षे त्याला तेथे बोलावणे आले नाही. ही उदाहरणे संस्मरणीय ठरली ती गाणी उत्तम होती एवढ्यामुळे नव्हे. त्या क्षणी काहीही घडू शकत होते, आणि ते पाहणाऱ्यालाही ठाऊक होते.

ही जोखीम मराठी रसिकाला परकी नाही. संगीत नाटकातील 'वन्स मोअर' म्हणजे दुसरे काय होते? प्रेक्षक नाट्यप्रयोगाच्या काळात हस्तक्षेप करी, नटाला पुन्हा गावे लागे आणि दुसऱ्या वेळी तेच पद निराळे होई. कीर्तनकारही समोरच्या श्रोत्यांकडे पाहून आख्यान लांबवतो वा आवरतो. रॉकच्या थेटपणाने भारावून जाण्यापूर्वी आपल्या घरातील हा वारसा आठवला, तर चर्चा पुष्कळच समंजस होईल.

फिलिप ऑस्लँडर यांनी 'लाइव्हनेस' (१९९९) या ग्रंथात असे मांडले आहे की 'थेट' ही कल्पनाच ध्वनिमुद्रणानंतर जन्मली. मुद्रित असे काही नव्हते तेव्हा सारे थेटच होते, म्हणून तसे म्हणण्याची गरज नव्हती. हे पटण्याजोगे आहे. परंतु त्यावरून 'दोहोंत फरकच नाही' असा निष्कर्ष कोणी काढू नये. विष्णु दिगंबर पलुसकरांनी नाशकात रामनाम आधाराश्रम स्थापला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुसकर १९५५ साली अकाली निवर्तले. भारतात दूरचित्रवाणी आली १९५९ साली. त्यांचा स्वर ध्वनिमुद्रिकांत आहे. 'बैजू बावरा' (१९५२) या चित्रपटातील जुगलबंदीत तो अमीर खाँसाहेबांबरोबर ऐकू येतो, पण पडद्यावर ओठ हलतात ते भारतभूषण यांचे. गाताना त्यांची बैठक कशी असे, तान घेताना हात कसा फिरे, चूक होता होता ती सावरताना चेहऱ्यावर काय उमटे, हे सांगणारे चित्र रसिकाच्या हाती नाही. ही उणीव खरी आहे, आणि तिच्यात रंजन नाही.

म्हणूनच आमचा आग्रह असा की स्मरणरंजनाने जतनाचे रूप घ्यावे. बीबीसीने साठच्या दशकातील 'टॉप ऑफ द पॉप्स'चे बहुतेक भाग टेपा पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. दूरदर्शनवरही असेच घडल्याचे तेथे काम केलेल्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. जे उरले त्यातील काही सह्याद्री वाहिनीने यूट्यूबवर आणले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तारीख, वादक, कवी, निर्माता यांच्या नोंदीवाचून दृश्यफीत म्हणजे मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक. मराठीच्या विभागांत आपण पाडगावकरांची कविता छापील संहिता म्हणून शिकवतो; ती गायली जाताना आणि पडद्यावर दिसताना तिचे काय झाले, हा अभ्यासाचा विषय मानत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने एका कार्यक्रमाची जरी नीट सूची केली, तरी ते काम शंभर हळव्या लेखांपेक्षा मोलाचे ठरेल.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. २००८ पासून नाशिकच्या द्राक्षमळ्यांत सुला फेस्टच्या निमित्ताने देशोदेशींचे वाद्यवृंद येऊन थेट वाजवून गेले. प्रेक्षकांतील शेकडो हात मोबाइल उंचावून ते टिपत होते. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे हे तुकडे आज कोणाकडे आहेत, आणि वीस वर्षांनी कोणाकडे असतील? पूर्वी टेप महाग होती म्हणून गाणे पुसले गेले. आता मुद्रण फुकट आहे म्हणून कोणी ते जपत नाही. उद्या कोणी या मैफिलींचे स्मरणरंजन करू लागेल तेव्हा त्याच्या हाती पुरावा असेल की पुन्हा उसनी आठवण, हे आज इथे राहणाऱ्या आपणांवर अवलंबून आहे.